पंधराशेला विकला गेलेला मतदार नावाची थाप

नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुतीच्या नाहीतर महायुतीच्या मांडीला मांडी लावून बसलेल्यांच्या आल्या, आणि त्या दिवसापासनं रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या निम्म्या रिटायर्ड मंडळींच्या तोंडात एकच वाक्य: "पंधराशेला विकली गेली हो पब्लिक." म्हणजे लाडकी बहीण योजनेतल्या महिना पंधराशेसाठी लोकांनी मतं दिली, असं. म्हणणारा माणूस बहुतेक पेन्शनर असतो. त्याचा महागाई भत्ता सहा महिन्याला वाढतो आणि तो कधी वाढला हे त्याला तारखेसकट पाठ असतं, ते सोडा. पण हे वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो, कारण ह्या एका वाक्यामुळं सगळी चर्चा तिथंच संपते आणि खरा प्रश्न बाजूला राहतो.

माझं म्हणणं असं की लोक विकले जात नाहीत, लोक वसुली करतात. सरकार आपलं ऐकतं तो काळ म्हणजे इलेक्शनच्या आधीचे तीन-चार महिने. हे आपल्याकडच्या अडाण्यातल्या अडाणी माणसाला कळतं, मग त्या तीन महिन्यात जे हातात पडेल ते घ्यायचं आणि बाकी पाच वर्षं कुणाच्या दारात जायचं नाही, हा हिशोब त्यानं पक्का केलाय. हिशोब चुकीचा नाही. मात्र त्याचे परिणाम वाईट आहेत, आणि ते परिणाम घराघरात पैसे वाटण्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी दिसतात.

आधी लाडक्या बहिणीचंच बघू. 2024 च्या लोकसभेला महायुतीला 48 पैकी 17 जागा मिळाल्या, कोल्हापुरातनं तर शाहू महाराज काँग्रेसकडनं निवडून गेले. निकाल 4 जूनला आणि त्याच महिन्याच्या शेवटी बजेटमधे योजना, 21 ते 65 वयाच्या बाईला महिन्याला 1500, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे. ऑगस्टमधे दोन महिन्याचे मिळून 3000 खात्यावर. नोव्हेंबरचा हप्ता आचारसंहितेत अडकायला नको म्हणून ऑक्टोबरातच. एरवी आपलं सरकार एक दाखला द्यायला किती हेलपाटे मारायला लावतं हे ज्याला माहिती आहे त्यानं हा स्पीड बघून टोपी काढावी. म्हणजे यंत्रणेला जमत नाही असं काही नसतंय, यंत्रणेला घाई असावी लागते.

त्या ऑगस्टमधे करवीर तालुक्यातल्या एका गावात बँकेच्या दारात मी उभा होतो, माझं काम वेगळंच होतं, पण पासबुक भरून घ्यायला बायकांची ही रांग. केवायसी नाही, आधार लिंक नाही, कुणाचं खातं झिरो बॅलन्सचं आणि कैक वर्षं हातच न लागलेलं. एका मावशींना मी म्हटलं, इलेक्शन झाल्यावर बंद करतील बघा. त्या म्हणाल्या, "मग करू देत की. तोवर तर येतंय न्हवं? आन ह्ये माज्या नावावर येतंय, मालकाच्या न्हाई." हे उत्तर मला आजवर वाचलेल्या सगळ्या अर्थशास्त्रापेक्षा जास्त कळलं. शेत त्याच्या नावावर, उसाचं बिल त्याच्या नावावर, दुधाचं बिल सुद्धा बहुतेक त्याच्याच नावावर (धार कोण काढतं ते विचारू नका), आणि आयुष्यात पहिल्यांदा हिच्या नावावर दर महिन्याला काहीतरी येतंय. ती विकली गेली म्हणायला जीभ कशी वळते?

बरं तिचा अंदाज खरा ठरला का? 5 नोव्हेंबरला महायुतीनं इथं कोल्हापुरातच सभा घेऊन 1500 चे 2100 करतो म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी आघाडीनं मुंबईत 3000 म्हटलं. म्हणजे लिलावच लागला. मार्च 2025 च्या बजेटात 2100 कुठं दिसले नाहीत, उलट योजनेची तरतूद 46 हजार कोटीवरनं 36 हजार कोटीवर आली. मग छाननी सुरू झाली. चारचाकी आहे का, सरकारी नोकरी आहे का, एका घरात किती जणी. जुलै 2025 ला तर सव्वीस लाखावर लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं मंत्र्यांनीच सांगितलं, त्यात बाप्यांची पण हजारो नावं निघाली! बाप्ये लाडक्या बहिणीत कसे बसले हे इलेक्शनच्या आधी कुणाला दिसलं नाही आणि नंतर लगेच दिसलं. चष्मा एकच, पण तो घालायचा मुहूर्त ठरलेला. मग सांगा, त्या मावशीनं "2100 देणार आहेत" ह्या शब्दावर भरवसा ठेवायचा की हातात पडलेल्या 3000 वर?

आणि फुकट्यांना शिव्या देणाऱ्या पगारदार वर्गानं जरा स्वतःच्या कॅलेंडरकडं पण बघावं. आठव्या वेतन आयोगाची घोषणा 16 जानेवारी 2025, बारा लाखापर्यंत इन्कम टॅक्स नाही ही घोषणा 1 फेब्रुवारी 2025, आणि दिल्लीचं मतदान 5 फेब्रुवारी 2025. दिल्लीत सरकारी नोकर किती राहतात हे वेगळं सांगायला पाहिजे का? त्यावेळी रंकाळ्यावर "पब्लिक विकली गेली" असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. गरिबाला मिळाली की रेवडी, आपल्याला मिळाला की हक्क. असो.

आता शक्तिपीठ महामार्ग. नागपूर ते गोवा, 2025 च्या आराखड्याप्रमाणं 802 किलोमीटर, खर्चाचा अंदाज 86 हजार कोटी. कोल्हापूर जिल्ह्यातनं त्याला जोरात विरोध झाला, कारण जमीन जाणार ती बागायती उसाची, आणि पुराच्या पट्ट्यात अजून एक भराव म्हणजे पाणी कुणाच्या घरात शिरणार हे 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या माणसाला नकाशा न बघताच कळतंय. विरोध लोकसभेला भोवला असं सत्ताधाऱ्यांनीच मान्य केलं. मग ऑक्टोबर 2024 मधे, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द! गावागावात फटाके. निकाल लागला, सरकार आलं, आणि जून 2025 ला मंत्रिमंडळानं भूसंपादनासाठी वीस हजार कोटीवर रकमेला मंजुरी दिली, आणि कोल्हापूरचा विषय परत टेबलावर. रस्ता चांगला की वाईट हा वाद मी इथं करत नाही. मला एवढंच दिसतं की ऑक्टोबरात जमिनीचं, पुराचं, उसाचं कुठलंच गणित बदललं नव्हतं, आणि जूनमधे पण नव्हतं. तारीख तेवढी बदलली. धोरण तारखेवर चालतं म्हटल्यावर शेतकरी पण आपला सगळा जोर त्याच तारखेसाठी राखून ठेवतो. मधल्या वर्षात सुनावणीला यायला त्याला वेळ नसतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

उसाचं बघितलं तर ही गोष्ट अजून खोल जाते. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, दिल्लीत ठरते. 2018-19 ला टनाला 2750 होती, 2025-26 ला 3550 झाली, रिकव्हरीचा (उसातनं निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्याचा) पाया जरासा वेगळा आहे, पण वाढ खरी आहे. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी 2019 ला किलोला 31 केली आणि मग वर्षानुवर्षं तिथंच. म्हणजे कच्च्या मालाचा दर सरकार वाढवणार, कारण ऊसवाल्याची मतं, आणि पक्क्या मालाला हात लावणार नाही, कारण चहात साखर घालणाऱ्यांची मतं त्याहून जास्त. मधे कारखाना. त्याला म्हटलं इथेनॉल कर, त्यानं कर्ज काढून डिस्टिलरी टाकली, आणि 7 डिसेंबर 2023 ला एका आदेशानं उसाच्या रसापासनं इथेनॉल बंद, का तर लोकसभेला चार-पाच महिने राहिलेले आणि साखर महागली तर वांदे. पुढं थोडी सूट दिली, पण व्हायचं ते नुकसान झालं. त्याच आठवड्यात कांद्याची निर्यात पण बंद, आणि ती उठली 4 मे 2024 ला, नाशिक पट्ट्यातलं मतदान पंधरा दिवसावर आल्यावर. धंदा करणाऱ्यानं पाच वर्षाचा प्लॅन करायचा कसा?

तर कारखाना अडचणीत आला की कर्ज, कर्जाला राज्य सरकारची हमी, आणि हमी कुणाला मिळते? 2024 ला हमी आणि मार्जिन मनी कर्जाच्या याद्यांमधे सत्ताधारी बाजूच्या नेत्यांचे कारखाने जास्त होते हे तेव्हा पेपरातनं छापून आलेलं आहे. त्यामुळं कारखान्याचा चेअरमन पक्ष का बदलतो ह्यावर टीव्हीवाले तासभर विचारधारेची चर्चा करत बसतात तेव्हा मला हसू येतं. त्याला गळीत चालू करायचं असतं राव. त्याच्यामागं सभासद, कामगार, वाहतूकदार, तोडणीच्या टोळ्यांना दिलेली उचल, सगळं अडकलेलं. तो पक्ष बदलत नाही, तो बँकेची फाईल हलवतोय.

आणि हेच वागणं वरनं खाली झिरपत येतं. साखर सहसंचालकाकडं तक्रार अर्ज, 14 दिवसात एफआरपी, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हे सगळं कायद्यात आहे. तरी 2022 मधे राज्यानं एफआरपी दोन टप्प्यात द्यायचा जीआर काढला होता, तो हायकोर्टानं मार्च 2025 ला रद्द केला, तीन वर्षं गेली त्यात. आता फडात काय चालतं बघा. ऊस वाळायला लागलाय, तोड मिळत नाही, मग टोळीच्या मुकादमाला खुशाली, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला खेपेमागं एंट्री, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला जेवण. तोडणी-ओढणीचे पैसे बिलातनं कापले जातातच, तरी हे वरचे वेगळे. शेतकरी शिव्या घालत देतो, आणि तोच शेतकरी गावच्या शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीच्या इलेक्शनला उमेदवाराकडनं पाकीट घेताना म्हणतो, "आम्ही काय फुकट सगळ्यास्नी देतोय, जरा उलटं बी येऊ दे की." ह्याला लाच म्हणा, भ्रष्टाचार म्हणा, त्याच्या डोक्यात ही परतफेड आहे.

इथवर तुम्ही म्हणाल की मग सगळं ठीकच आहे, लोक हुशार आहेत, वसुली करतात, छान. छान नाही. कारण ही वसुली फक्त त्याच गोष्टींची होते ज्यांचे वाटे पाडता येतात, माझ्या नावावर, माझ्या खात्यावर, माझ्या सातबाऱ्यावर. जे सगळ्यांचं मिळून आहे त्याला वाली कुणी नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीवाल्या मित्रानं एकदा वीजबिल पुढ्यात टाकलं. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर वीज शुल्क. कास्टिंगच्या धंद्यात भट्टी म्हणजे वीज खाणारा राक्षस, आणि त्याचा स्पर्धक बेळगावात बसलाय. शेतीची वीज स्वस्त ठेवायची तर फरक कुणीतरी भरायचा, तो उद्योगाच्या दरात घातला जातो, ह्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. 2024 ला तर साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज पूर्ण माफ झाली, पाच वर्षासाठी, ते बिल राज्याच्या तिजोरीवर. गंमत म्हणजे नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटरी मोठ्या असतात, त्या साडेसातात बसत नाहीत, म्हणजे ज्या गावांनी एकत्र येऊन स्कीम केली त्यांना बिल, आणि ज्यानं एकट्यानं विहिरीवर मोटर टाकली त्याला माफी! एकत्र येणाऱ्याला दंड आणि सुट्या माणसाला बक्षीस. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण सुट्या माणसाला दिलेलं त्याच्या लक्षात राहतं, संस्थेला दिलेलं सेक्रेटरीच्या रजिस्टरात राहतं.

मित्राच्या फौंड्रीत मोल्डिंगला येणारी पोरं आसपासच्या गावातनं येतात. त्यांच्या घरची मोटर माफ. त्यांची नोकरी ज्या भट्टीवर आहे तिचं बिल वाढतंय. एकाच घरात दोन्ही, पण मोटरीचं माफीपत्र दिसतं आणि भट्टी बेळगावला गेली तर ती का गेली हे कुणी सांगायला येत नाही. फौंड्री मालकांची मतं सगळी मिळून एका गल्लीएवढी पण भरायची नाहीत, मग कुणाला काय पडलंय.

हद्दवाढीचं तर विचारूच नका. कोल्हापूरची महापालिका 1972 ला झाली आणि तेव्हापासनं शहराची हद्द एक फूट वाढलेली नाही. शहर मात्र सगळीकडं फुगलंय, गावं शहराला कधीच चिकटलीत, पण कागदावर अजून ग्रामपंचायत. गावांना भीती घरफाळ्याची (म्हणजे घरपट्टीची), जमिनीवर पडणाऱ्या आरक्षणाची, आणि महापालिका आहे त्याच शहराला नीट सुविधा देत नाही ह्याची. शेवटची भीती तर शंभर टक्के रास्त. 2017 ला मधला मार्ग म्हणून 42 गावांचं प्राधिकरण काढलं, त्यानं कुणाचंच समाधान नाही. आमदार शहरात हद्दवाढीच्या बाजूनं आणि गावात विरोधात, कारण बऱ्याच जणांच्या मतदारसंघात दोन्ही येतात. खरं सांगायचं तर हद्दवाढ रखडण्यात सगळ्यांचंच भलं आहे: सरपंचपद टिकतं, प्लॉट पाडणाऱ्याला गुंठेवारीत मोकळं रान मिळतं, आमदाराला नाराजी नको. मग नोव्हेंबर 2020 ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. ज्याला मत द्यायचं तोच जाग्यावर नव्हता, तर वसुली कुणाकडनं करायची होती?

पुराला तर हाच नियम लागतो. राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, आणि 2019 आणि 2021 ला दोन्ही वेळा ते 55 च्या पुढं गेलं. मग सानुग्रह अनुदान, 2019 ला गावाकडं दहा हजार आणि शहरात पंधरा हजार, पंचनामे, धान्याची किट, किटवर फोटो. मदत द्यायलाच पाहिजे होती, त्यात वाद नाही. पण पूररेषेच्या आतली बांधकामं थांबवणं, ओढे-नाले मोकळे करणं, भराव काढणं, ह्यातनं आभार मानणारा एक पण मतदार तयार होत नाही, शत्रू मात्र शंभर तयार होतात, आणि ते शंभर बहुतेक पैसेवाले. पूर आला नाही म्हणून कुणी आमदाराचा सत्कार केलाय का कधी? पूर आल्यावर बोटीत बसून आला म्हणून मात्र करतात.

पैशाचा मुद्दा इथंच येतो. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख. आपल्याकडं 40 लाखात काय होतं हे कुठल्याही मंडळाच्या अध्यक्षाला विचारा, जेवणावळीतला तांबडा-पांढराच तेवढा होतो. वर देशपातळीवर इलेक्टोरल बाँड, म्हणजे पक्षांना देणगी द्यायचे रोखे, 2018 पासनं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरवेपर्यंत सोळा हजार कोटीच्या वर विकले गेले, कुणी कुणाला दिले हे मतदाराला कळायची सोय नव्हती. म्हणजे वरचा पैसा अंधारात आणि खालचा पैसा पाकिटात. ज्यानं उमेदवारामागं पैसा लावला तो पण वसुलीच करणार, फक्त त्याची वसुली टेंडरमधे होते. गल्लीतला रस्ता दर पावसाळ्यात का उखडतो ह्याचं कारण निसर्ग नाही.

कर्जमाफीवर पण दोन शब्द, कारण इथं कोल्हापूर जरा वेगळं आहे. आपल्याकडं सोसायटीची वसुली चांगली, त्याचं कारण आपण फार प्रामाणिक असं नाही, कारण उसाचं बिल बँकेतनं येतं आणि सोसायटीचं कर्ज आधीच कापून घेतलं जातं. 2017 ला दीड लाखापर्यंत माफी, 2019 ला दोन लाखापर्यंत, आणि नियमित फेडणाऱ्याला 50 हजार प्रोत्साहन म्हटलेलं ते मिळायला 2022 उजाडलं. 2024 च्या जाहीरनाम्यात परत माफी, मार्च 2025 ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार म्हणाले पीककर्ज भरून टाका, आणि ऑक्टोबरात नागपुरात शेतकऱ्यांनी रस्ता अडवल्यावर 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असं ठरलं. आता तुम्ही सांगा, फेडायची ऐपत असलेला माणूस सुद्धा मधल्या काळात काय करेल? ज्याचं बिलातनं कापलं जात नाही तो थांबणार. थांबणाऱ्याला माफी आणि फेडणाऱ्याला तीन वर्षानी प्रोत्साहन, हे बघून पोरं शिकतात.

ह्या सगळ्याला अपवाद आहेत, आणि ते पण इथलेच. स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या राजू शेट्टींची "एक व्होट, एक नोट" आठवत असेल. मतदारानं उमेदवाराकडनं घ्यायचं नाही, उलट द्यायचं. 2009 ला आणि 2014 ला ते खासदार झाले, आणि उसाच्या दरासाठी जयसिंगपुरात ऊस परिषद भरली की कारखानदारांच्या पोटात गोळा यायचा, कारण माणूस कारखानदारांच्या पैशावर उभा नव्हता. 2019 ला आणि 2024 ला पडले, त्याची कारणं बरीच आहेत, त्यांच्या युत्या-आघाड्यांच्या कोलांट्या पण त्यात आल्या. पण शिरोलीत हायवे अडवून नोव्हेंबर 2023 ला टनाला 50-100 रुपये जास्तीचे काढून दाखवले ते पडलेल्या शेट्टींनीच, निवडून आलेल्यांनी नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरा अपवाद टोलचा. गावातल्या गावात फिरायला टोल, म्हणून शेकापचे एन. डी. पाटील सर, कम्युनिस्ट पक्षाचे पानसरे अण्णा, सगळ्या पक्षाची माणसं रस्त्यावर, नाके पेटले, आणि 2015 संपता संपता टोल गेला. सगळ्यांच्या मिळून असलेल्या गोष्टीसाठी कोल्हापूर उठलं आणि जिंकलं. पण रस्ते झालेले होते, ते बांधणाऱ्या कंपनीचे पैसे सरकारनं भागवले, म्हणजे आमच्या रस्त्याचं बिल गडचिरोलीच्या माणसानं पण भरलं. त्या आंदोलनात मी पण होतो आणि मला त्याचा अभिमान आहे, पण हा हिशोब मांडला की आजही काही मित्र माझ्याशी भांडतात. भांडू देत. टोल नको म्हणताना रस्त्याचे पैसे मग कुठनं, घरफाळा वाढवायचा का, हा प्रश्न तेव्हा एका पण सभेत माझ्या कानावर आला नाही.

निवडणूक आयोगानं ऑक्टोबर 2022 ला एक प्रस्ताव ठेवला होता, जाहीरनाम्यात आश्वासन दिलं तर त्याला किती पैसे लागणार आणि ते कुठनं आणणार हे पक्षांनी ठरावीक नमुन्यात लिहून द्यायचं. बऱ्याच पक्षांनी नाकं मुरडली. कायदा व्हायची वाट बघायची गरज नाही, हा नमुना तालमीत आणि मंडळात सुद्धा चालतो. पुढच्या वेळी कोण दारात आला तर मी 2100 का 3000 विचारणार नाही. जयंती नाल्याचं सांडपाणी पंचगंगेत जायचं कुठल्या महिन्यात थांबणार, त्याला किती लागतील, माझा घरफाळा त्यासाठी किती वाढवणार, आणि तो वाढवायची हिंमत आहे का, एवढं चिठ्ठीवर लिहून सही करून दे म्हणणार.